मामांचा ओळंबा

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याच्या घरातली एकही भिंत वाकडी ठरवली नाही, असा मराठी माणूस आमच्या अमेरिकन शहरात शोधून सापडायचा नाही. इमारती उभ्या करण्यात आयुष्य घालवलेला हा इंजिनिअर निवृत्त झाला, पण त्याच्या खिशातला ओळंबा काही निवृत्त झाला नाही. दोरीला लटकणारं ते पितळी वजन नागपूरहून त्यांच्याबरोबर आलेलं. लोक वास्तुशांतीला फुलं घेऊन येतात. मामा तीर्थ घ्यायच्या आधी भिंतीवर दोरी सोडत. मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांनी आरती थांबवून सरळ करायला लावलं होतं. आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे बघून तर दर खेपेला हळहळत, "अर्धा इंच, जावईबापू! झोप कशी लागते हो तुम्हाला?"

मामी गेल्या आणि मामाच एका बाजूला कलल्यासारखे दिसू लागले. दूरच्या प्लेनो शहरातून त्यांची मुलगी रोज फोन करायची, तुमची खोली तयार आहे म्हणायची. मामांचं उत्तर ठरलेलं, "जुनी वास्तू हलवत नाहीत. तडे जातात." शेवटी ती मला म्हणाली, "जिजू, आता तुम्हीच काहीतरी ट्रिक करा यार."

ट्रिक आमच्या जुन्या डाउनटाउनमध्येच उभी होती. आठशे वर्षांचं एक चिमुकलं चर्च. कुणा धनिकाने युरोपातल्या कुठल्याशा गावातून ते दगड-दगड सुटं करून, प्रत्येकावर नंबर घालून, बोटीने आणून इथे पुन्हा रचलेलं. "नुसत्या भिंती बघू," असं म्हणत एका दुपारी मी मामांना तिथे नेलं, वाटेत ही दगडांची गोष्टही सांगितली. दारात त्यांनी सवयीने बूट काढले, घंटेसाठी हात वर केला, ती नाही म्हटल्यावर खट्टू झाले, आणि आत पाऊल टाकताच थबकले. रंगीत काचांतून निळं-तांबडं ऊन फरशीवर सांडलं होतं. त्या उन्हात उभं राहून मामांनी ओळंबा सोडला. पितळ संथ डुलत राहिलं. ही काहीतरी प्रार्थना असावी अशा समजुतीने मागे दोन गोऱ्या आजीबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मीही जोडले. माझी प्रार्थना मात्र खरी होती, कारण मामांना ही भिंत पटली नाही, तर प्लेनो कॅन्सल.

"दीड इंच बाहेर," मामा म्हणाले.

माझा चेहरा पडला. मामा भिंतीवरून तळवा फिरवत राहिले, तापलेल्या कपाळावरून फिरवावा तसा.

"तडे?" मी भीत भीत विचारलं.

"दोन. भरलेत नीट." मग त्यांनी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला. ऊन त्यांच्या टकलावर चढलं, निळं झालं. "चालतंय."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. बाहेर बूट घालताना ते खाली बघतच म्हणाले, "पोरीला विचारा, त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे."

प्लेनोला निघताना त्यांनी ओळंबा माझ्या हातावर ठेवला. तो आता आमच्या स्वयंपाकघरात, कपाटाशेजारी टांगलेला असतो. रविवारी फोन आला की मामा आधी त्या कपाटाची चौकशी करतात. ते सरळ करायला मला दहा मिनिटं लागणार नाहीत. पण करत नाही. बघून हळहळायला कुणीतरी यायला हवं ना.