अण्णांची मुलाखत आणि आमचे दोन टीव्ही

आमचा टीव्ही सोमवारी सकाळी आपोआप बिघडला आणि संध्याकाळपर्यंत तो मी बिघडवला असं सगळ्या पेडगावचं मत झालं.

माझा संबंध एवढाच की, तो बिघडला तेव्हा रिमोट माझ्या हातात होता. (मी विज्ञानाचा शिक्षक आहे. गावात काहीही बिघडलं की लोक आधी मला बोलावतात आणि मग मिस्त्रीला. मधल्या वेळात जे घडतं, ते निस्तरायला मिस्त्रीला जास्त वेळ लागतो.) पडद्याचा वरचा अर्धा भाग काळा पडला होता. खालचा भाग लख्ख, आवाज खणखणीत. बातम्या देणाऱ्या बाईचं नुसतं टेबल दिसायचं आणि ते टेबलच देशाची परिस्थिती सांगायचं. मालिकेत कोण रडतंय हे माझी बायको मंगल साडीच्या काठावरून ओळखायची.

एरवी आठवडाभर हे खपून गेलं असतं. पण येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर अण्णा दिसणार होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. आयुष्य शेळ्या पाळण्यात गेलं. नुसत्या ओरडण्यावरून कोणती शेळी आहे ते सांगतात. (माझा आवाज फोनवर ओळखायला त्यांना जरा वेळ लागतो.) महिन्यापूर्वी शेतीच्या कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन आली, अण्णांना बांधावरून तीनदा चालवलं आणि तासभर बोलतं केलं. तेव्हापासून अण्णा रोज दाढी करायला लागले होते. सोनपेठच्या गोदाआत्याला, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीला, त्यांनी फोनवर सांगितलं. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगितलं. त्यामुळे गावालाही दोनदा कळलं.

अण्णांनी बिघडलेला टीव्ही मान वाकडी करून बघितला.

"खालचं दिसायलंय की," ते म्हणाले.

"अण्णा, तुमी उभं राहून बोललाव. तुमचं नुसतं धोतर दिसंल."

"आन शेळ्या?"

"शेळ्या पूर्ण दिसतील."

अण्णांनी मान सरळ केली. आयुष्यभर त्यांनी शेळ्यांना पुढं ठेवलं, पण इतकं पुढं ठेवायची त्यांचीही तयारी नव्हती.

"नवा घ्या," मंगल म्हणाली. "दहा-बारा वर्षं झाली त्याला."

"हा टीव्ही तुझ्या सासूनं दोन बोकडं इकून आणलाय," अण्णा म्हणाले. "दुरुस्त होईल."

आईला जाऊन चार वर्षं झाली. तिचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघतात. माझा स्वभाव असा, की मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मंगलला म्हणालो, "नवाच घेऊ. जुन्यात काही राहिलं न्हाई." बाहेर ओट्यावर येऊन अण्णांना म्हणालो, "दुरुस्तच करू. उद्याच नेऊ." दोघांचंही समाधान झालं. मला वाटलं, प्रश्न मिटला.

मंगळवारी टीव्ही गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवरून परभणीला नेला. अण्णा मागं बसून त्याला मिठी मारून होते. प्रत्येक गतिरोधकावर ते "सांभाळून रे" म्हणायचे. मी मागं वळून "हो" म्हणालो तर म्हणाले, "तुला न्हाई म्हणायलो."

हमीदभाई परभणीतले जुने टीव्ही मिस्त्री. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली, आणि मान हलवली.

"सर, पॅनल गेलंय. ह्या मॉडेलचं पॅनल आता येत न्हाई. खरं सांगू का, नवीन घेऊन टाका."

दुरुस्तीवर पोट असलेला माणूसच दुरुस्ती नको म्हणतो म्हटल्यावर माझी खात्री पटली. पण अण्णा पुढं झाले.

"हमीदभाई, घरवालीची निशाणी हाय."

हमीदभाईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "असाच एक सेट माझ्याकडं पडून हाय. बाहेरून फुटलाय, पण पॅनल चांगलं असंल. बसलं तर बसलं. परवा दुपारी फोन करतो. पण जबान देत न्हाई, अण्णा."

अण्णा अजून आत हमीदभाईंशी बोलत होते. मी दुकानातून बाहेर पडतो तोच मंगलचा फोन आला.

"काय म्हणाले मिस्त्री?"

"नवीन घ्या म्हणाले."

हे खरं होतं. फक्त ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं घरी गेल्यावर सावकाश सांगू, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर तिचा चेहरा इतका प्रसन्न होता, की सांगायचं राहून गेलं.

बुधवारी मी शाळेतून परत आलो तर दारात टेम्पोच्या चाकांचे व्रण होते आणि घरात मंगलनं मागवलेला नवा टीव्ही. जुन्याच्या दुप्पट. मंगल खोक्याशेजारी उभी होती. अण्णा घरात नव्हते. ते अंगणातल्या शेळ्यांजवळ, घराकडं पाठ करून बसले होते.

"अण्णा, चहा घ्या."

"ज्यानं नवा टीव्ही आणलाय, त्याला पाज."

"अण्णा, जुना पण दुरुस्त व्हायलाय की. हमीदभाईनं पॅनल बघतो म्हणून सांगितलंय ना."

माझ्या मागं मंगल उभी आहे, हे मला माहीत नव्हतं.

"दुरुस्त व्हायलाय?" ती म्हणाली. "मग मला नवीन घ्या म्हणाले, असं कामून सांगितलंत?"

"हा तुला तसं बोलला?" अण्णांनी तिला विचारलं. "मला तर सोमवारीच म्हणला, दुरुस्त करू."

"मला सोमवारीच म्हणाले, नवा घेऊ."

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत सासरा आणि सून पहिल्यांदाच एका बाजूला झाले. दुसऱ्या बाजूला मी एकटाच होतो.

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. टीव्ही भिंतीवर बसवायला दुकानाचा माणूस शनिवारी येणार होता. मी म्हणालो, त्यात काय, भोकंच तर पाडायची आहेत. शेजारच्या रामरावांकडून ड्रिल आणलं. पहिलं भोक असं सुंदर पडलं की मी मंगलला बोलावून दाखवलं. दुसऱ्या भोकाला भिंतीतून निळा उजेड आला, ठप्प असा आवाज झाला, आणि पंखा, फ्रिज, ड्रिल आणि मी, असे सगळे एकदम बंद पडलो.

भिंतीच्या आत वायर होती. (आठवीला विजेचा धडा मीच शिकवतो. मुलं चांगले प्रश्न विचारतात. पण भिंतीत वायर कुठून जाते हे आजवर एकानंही विचारलं नव्हतं.)

"काय झालं गं?" बाहेरून अण्णांनी विचारलं.

"काही न्हाई अण्णा," मंगल म्हणाली. "विज्ञान झालं."

गावातला वायरमन मेहुणीच्या लग्नाला वालूरला गेला होता. फोनवर मागं बँड वाजत होता. "सर, शुक्रवारी सकाळी येतो," तो ओरडून म्हणाला. "तवर कशालाच हात लावू नका." ही शेवटची सूचना मंगलनं माझ्या हातातून फोन घेऊन त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतली.

गुरुवारी दुपारी दोन गोष्टी एकदम आल्या. एक, एसटीनं गोदाआत्या, भावासाठी डब्यात लाडू घेऊन. दुसरी, हमीदभाईंचा फोन. पॅनल बसलं होतं. मी एकटाच जाऊन टीव्ही आणला. त्यांनी दुकानात लावून दाखवला तेव्हा बातम्या देणारी बाई डोक्यासकट दिसली. मला भरून आलं. हमीदभाईंना वाटलं, बातमीच तशी असेल.

तर पाच वाजता आमच्याकडं दोन चांगले टीव्ही होते आणि वीज नव्हती.

रामरावांनी आपल्या खिडकीतून लांब वायर टाकून दिली. दोन्ही टीव्ही अंगणात टेबलांवर मांडले. राहिली छतावरच्या डिशची केबल. ती बैठकीत उतरत होती, ती अंगणात आणायला हवी होती. मी छतावर चढलो, केबल मोकळी केली आणि ओढली. ती कुठंतरी अडकली. मी जोर लावून ओढली. ती आली. माझ्या त्या आठवड्यातल्या यशांपैकी हे सगळ्यात मोठं, असं मला वाटलं.

पावणेसहाला अंगण भरलं. चाळीस तरी माणसं असतील. शेळ्या भिंतीकडेला बांधलेल्या, गोदाआत्या पुढं खुर्चीवर, आणि अण्णा नव्या धोतरात, गुळगुळीत दाढी करून.

"कोणता लावू?" मी विचारलं.

"अण्णांचाच लावा," मंगल म्हणाली. "आईंचा हाय तो."

"सूनबाईचा लाव," अण्णा त्याच वेळी म्हणाले. "मोठा हाय. मागच्या लोकांना दिसंल."

म्हणजे भांडण मिटलं होतं आणि मतं पुन्हा दोनच राहिली होती. मी केबल हातात घेऊन मधे उभा. शेवटी जुन्याला लावली. पडदा वरपासून खालपर्यंत निळा झाला आणि मधोमध अक्षरं आली, सिग्नल नाही. मग नव्याला लावली. त्यावरही तेच आलं, फक्त अक्षरं मोठी होती.

कुणीतरी छताकडं बोट दाखवलं. आमची डिश रामरावांच्या कडुलिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभी होती. केबल ओढताना मी तीही ओढली होती.

मी परत छतावर. खालून चाळीस माणसं सांगत होती, "डावीकडं... आजून... आलं... गेलं." कुणी मोबाइलवर कार्यक्रम लावला, तर त्यावर नुसतं चाक गोल फिरत राहिलं. अण्णांना शेजारच्या घरी चला म्हणालो, तर ते म्हणाले, "एवढ्या लोकांना उठवून कुठं नेतोस?" सहा वाजले. सहा वाजून दहा मिनिटं झाली. मी खाली उतरलो.

अण्णा हात मांडीवर ठेवून निळ्या पडद्याकडं बघत होते. असं बसलेलं मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, आईच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"नारायणा, झालं का सुरू?" गोदाआत्यानं अण्णांना विचारलं.

"न्हाई आक्का. दिसंना गेलंय."

"काय?"

"दिसंना गेलंय म्हणलं."

"मग तूच सांग की तिथं काय बोललास ते. मी सोनपेठहून काय हे डबे बघायला आलेय का?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग माणसांकडं. हळूच उठले आणि दोन टीव्हींच्या मधे जाऊन उभे राहिले. घसा साफ केला. "नमस्कार मंडळी," ते म्हणाले आणि सुरू झाले. करडू निवडताना काय बघायचं, पावसाळ्यात त्याला कसं जपायचं. मधेच एक शेळी सोडून आणली आणि तिचे दात दाखवले. मग कॅमेऱ्यासमोर जे बोलले नव्हते ते बोलले. आईनं माहेरून पहिली पाठ, म्हणजे तरणी शेळी, कशी आणली, आणि पहिल्या वर्षी ती आईला आणि आजीला, दोघींनाही जवळ येऊ देत नव्हती. लोक हसत होते. मंगल चहाची किटली घेऊन उभी होती आणि चहा ओतायचं विसरली होती.

पुढचं इथंच सांगून टाकतो. शुक्रवारी वायरमन आला आणि माझ्याकडं न बघता काम करून गेला. मोठा टीव्ही बैठकीत लागला, आईचा टीव्ही अण्णांच्या खोलीत. कार्यक्रमही नंतर मोबाइलवर सापडला. त्यात अण्णा दोन मिनिटं होते. अण्णांनी तो एकदा बघितला आणि म्हणाले, "त्यापेक्षा अंगणातलं बरं झालं."

तर त्या संध्याकाळी अण्णांचं बोलणं संपत आलं, तेव्हा रामरावांनी विचारलं, "अण्णा, कळपात कोणती ठेवायची आन कोणती इकायची, हे ठरवायचं कसं?"

अण्णांनी विचार केला.

"दूध कमी देणारी चालंल," ते म्हणाले. "म्हातारी चालंल, लंगडी पण चालंल. पण इकडं चारा, तिकडं चारा, आन जी दोन्हीकडं बघत मधीच उभी ऱ्हाती, ती पहिल्यांदा काढायची." मग शेळीचं दावं सावरत म्हणाले, "पण घरातच जलमलेली असली, तर काय करता. सांभाळायची."

चाळीस माणसं आणि नऊ शेळ्या एकदम माझ्याकडं बघायला लागल्या. मी दोन टीव्हींच्या मागं, बरोबर मधोमध, केबल हातात धरून उभा होतो. मागच्या लोकांनाही मी डोक्यासकट दिसत होतो.