पियानोला बटण नसतं

बुधवारी दुपारी फोन आला आणि शनिवारी सकाळी ऑडिशनला या म्हणाले. बीड बायपासच्या पलीकडे एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती. त्यांनी आधी पियानो विकत घेतला आणि मग तो वाजवणारा शिक्षक शोधायला निघाले. "पाचेक मिनिटांचं काहीतरी वेस्टर्न वाजवा," फोनवरच्या बाई म्हणाल्या. काहीतरी वेस्टर्न! जेवणानंतर काहीतरी गोड आणा म्हणावं तसं.

तेव्हा मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. ऑर्केस्ट्रा आपला नावाला. हळदीच्या मांडवात नवरदेवाचे मामा नाचून दमेपर्यंत तेच तेच ठेके बडवायचे, आणि कुणी हळदीच्या हाताने कीबोर्डवर थाप मारली तरी हसायचं. त्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा होता. शाळेची नोकरी लागली तर त्या मांडवात पुन्हा उभं राहावं लागणार नव्हतं. मला ती हवीच होती.

वाजवण्याजोगे दोन तुकडे होते. एक संथ, दोन पानांचा, माझा आवडता. तीन दिवसांत तो नीट बसला असता. दुसरा पाच पानांचा, पळता, बोटांची नुसती धावपळ. मी पळता घेतला. समोर कोण बसणार हे मला ठाऊक होतं: शोभेला पियानो घेणारी माणसं. संथ वाजवलं तर यांना वाटणार, याला येतच नाही.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या खोलीत तयारी सुरू झाली. माझ्या कीबोर्डला एकसष्ट पट्ट्या, पियानोला अठ्ठ्याऐंशी. डाव्या हाताचे खालचे सूर माझ्याकडे नव्हतेच. म्हणून टेबलावर कागदाचे तुकडे चिकटवले आणि करंगळी त्या लाकडावर आपटू लागलो.

"आरं, टेबल काय बडवतोस? वाजतं का तिथं काही?" आई भाजी निवडताना म्हणाली.

"शनिवारी वाजेल."

"आन् नाय वाजलं तर?"

"ऐकणाऱ्यांना काही कळत नाही, आई."

"व्हय, तुलाच लई कळतं," म्हणून ती आत गेली.

शुक्रवारपर्यंत मधली दोन पानं हाताला आली नाहीत. ती मी सरळ गाळली आणि पहिलं पान चौथ्याला जोडलं. मूळ तुकडा सगळा काळ्या पट्ट्यांचा. तो तर मी आधीच पांढऱ्यांवर आणला होता. आम्हा कीबोर्डच्या क्लासात वाढलेल्यांची ही जुनी सवय. औरंगपुऱ्यातल्या आमच्या सरांनी सगळं पांढरी एकचा सा धरूनच शिकवलं. गाणाऱ्याचा आवाज वर असो की खाली, कोपऱ्यातलं बटण दाबायचं. सूर सरकतो, बोटं घरच्या घरी राहतात. सर स्वतःही तसंच वाजवायचे. याला मी हुशारी म्हणायचो.

शनिवारी हॉलमध्ये पियानोवर जाळीचं कापड होतं, त्यावर प्लॅस्टिकचे गुलाब. समोर मुख्याध्यापिका, त्याच फोनवरच्या बाई, आणि संस्थेचे अध्यक्ष. ज्या शेतात शाळा उभी होती ते अध्यक्षांचंच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून बसले होते.

"ह्याचा आवाज कमी-जास्त करायचं बटण कुठंय हो?" त्यांनी विचारलं.

"पियानोला बटण नसतं, साहेब. सगळं बोटांत असतं," मी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हा किस्सा ऑर्केस्ट्रातल्या पोरांना कसा रंगवून सांगायचा, तेही मनात ठरवलं.

मग वाजवलं. पट्ट्या जड होत्या, चारदा घसरलो, पण वेगात खपून गेलं. गाळलेली पानं कुणाला कळली नाहीत. "लई फास्ट हात आहे!" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही वाजवल्या. त्यांनी दारातून सहावीच्या पाच मुलींना आत बोलावलं.

"यांच्याबरोबर प्रार्थना वाजवा. रोज सकाळी हेच काम असणार आहे."

एवढंच? मी पांढरी एकवरून सुरुवात केली. मुलींनी त्यांच्या रोजच्या सुरात, बऱ्याच वरच्या काळी तीनवरून उचललं. दोन्ही आवाज एकमेकांना टोचू लागले. मी थांबलो, आणि माझा डावा हात आपोआप वरच्या कोपऱ्यात गेला. तिथे गुळगुळीत काळं लाकूड होतं. त्यावर मी बोट दाबलं. दोनदा दाबलं.

अध्यक्ष पुढे वाकले. "काय पाहिजे, सर? बटण?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काळी तीनवरून प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीत चुकलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकलो. हीच प्रार्थना मी चहा पिता पिता एका हाताने वाजवली असती, बटण असतं तर. मुली दर वेळी थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या. शेवटी दोन वेण्यांची एक पोरगी बाकीच्यांशी कुजबुजली आणि मला म्हणाली, "सर, तुम्हाला जमतंय तिथनंच वाजवा. आम्ही येतो खाली."

आणि त्या आल्या. हनुवट्या छातीला टेकवून, घोगरा आवाज काढत पाचही जणी गायल्या. खालचे सूर त्यांच्या गळ्यात नव्हतेच. तिथे नुसते ओठ हलत होते. पण शेवटच्या ओळीपर्यंत एकीनेही मला सोडलं नाही. मी मान वर केली नाही. लाज वाटली, आणि ती ज्याच्यावर ढकलावी असा माणूस त्या हॉलमध्ये सापडेना.

निघताना बाई नुसतं "कळवू" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पडेगावात हळद होती. नवरदेवाच्या मामांना गायची हौस आली. त्यांचा आवाज वरचा होता. मी बटण दाबलं.