महाडच्या घाटावरची ओहोटी

हरिहरेश्वरच्या समुद्राची वेळ मी महाडच्या नदीवर बसून काढली. चूक एवढीच.

आम्हा महाडकरांना समुद्र दिसत नाही, पण भरतीचं पाणी खाडीतून चढत चढत थेट आमच्या घाटापर्यंत येतं. त्या पाण्यावर गलबतं येतात, आणि गलबतं येतात म्हणून आम्ही स्वतःला बंदरातली माणसं समजतो. मी तर शाळामास्तर, म्हणजे समजण्याचा पगारच घेत होतो. नाताळच्या सुट्टीत चार दिवस रोज सकाळी घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो, खिशातलं घड्याळ हातात धरून पाणी कधी पुरतं उतरतं ते पाहिलं, आणि रोजच्या फरकावरून जायच्या दिवसाचा हिशेब काढून वहीत लिहिलं : वद्य तृतीया, पूर्ण ओहोटी साडेदहा. खाली दोन रेघा मारल्या.

आम्ही तिघे सुट्टी आली की चालायला निघत असू. गाव आम्हाला रिकामटेकडी पलटण म्हणे. एक मी; दुसरे आमच्या आळीतले वैद्य, ज्यांना रोग्यांपेक्षा पाऊलवाटा अधिक प्रिय; आणि तिसरा पोलादपुराकडच्या कापडे गावचा एक तरुण शेतकरी. आजूबाजूचे सगळे गड त्यानेच आम्हाला दाखवले. त्या पावसाळ्यात तो तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या आईने नवस बोलला : लेक उठला तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा त्याच्या पायांनी घडवीन. भात झोडून झालं, लेक हिंडूफिरू लागला, आणि डोंगर सोडून एकदा किनाऱ्याने चालायचं असं आमचंही ठरलं. त्याला घ्यायला मी कापड्याला गेलो तेव्हा म्हातारीने नारळ त्याच्या हातात दिला आणि बोलली मात्र माझ्याशी.

"मास्तर, माजा येकला लेक हाय. कसा न्हेताव तसा आनून घाला."

"वेळ काढलीय आजी, अगदी घड्याळ लावून," मी म्हणालो.

दासगावहून लाँचने खाडी उतरलो, पुढे होडी, पुढे पायी. रात्री देवळाजवळ एका ओटीवर पडलो. सकाळी आठला वैद्य वाळूवर जाऊन धावतच परत आले.

"मास्तर, पाणी पार लांब गेलंय. उठा, आत्ताच फेरी उरकू."

"अजून जाईल," मी पोहे खात म्हणालो. "साडेदहापर्यंत जात राहील. तेव्हा तर तुम्ही खाडीपलीकडच्या बाणकोटला चालत जाल."

मी आणखी पोहे मागवले.

दहा वाजता आम्ही निघालो तेव्हा कालवं काढणारी एक म्हातारी पाटी डोक्यावर घेऊन खडकांवरून परत येत होती. तिने आम्हाला न्याहाळलं.

"आता कुटं निगालाव? पानी भराय लागलं."

"उतरतंय आजी," मी खिशावर हात ठेवून म्हणालो. "आम्हीसुद्धा बंदरातलेच आहोत. महाडचे."

"म्हाडचे?" ती म्हणाली. "मग जावा." आणि गेली.

तिथली प्रदक्षिणा देवळाभोवतीची नाही, अख्ख्या टेकडीची आहे. पायऱ्या चढून जायचं, मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून खाली समुद्रात उतरायचं. समुद्रात म्हणजे, ओहोटीला पाणी जिथून हटतं त्या खडकांवर. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या खडकांवरून टेकडीला वळसा घालून पुन्हा देवळापाशी, पलीकडच्या वाळूवर निघायचं. कड्याच्या बाजूला कुठे वर चढायला जागा नाही. आणि एकदा निघालेली फेरी अर्ध्यात सोडायची नाही, हा रिवाज.

मी पुढे होतो. पाण्याने कुरतडलेला खडक दाखवून काहीबाही व्याख्यान देत होतो. कापडेकर मागे रेंगाळला. बघतो तर हा काठी टेकून वाकून खडक पाहतोय.

"काय रे, खेकडा?"

"मास्तर, पानी खाली चाललंय ना?"

"चाललंय."

"मंग पान्याच्या वरचा खडक वला का नाय? पानी उतरून गेलं तर मागं वल ऱ्हाते. खाचरात तसंच व्हतं. हितं तर सुका खडक भिजतोय."

मी पाहिलं. त्याच्या काठीपाशी खडक खडखडीत कोरडा होता. एक लाट आली, काठीचं टोक बुडालं. पुढची लाट त्याच्या अंगठ्याला लागली. मी घड्याळ काढलं. साडेदहाला पाच कमी होते.

"अजून पाच मिनिटं आहेत," मी म्हणालो. देवाशपथ, असंच म्हणालो.

"समुद्राला दाखवा ते," वैद्य म्हणाले. "मागे फिरा."

मागे वळलो. घळीतून उतरल्यावर जो सखल भाग आम्ही पायताणं न काढता ओलांडला होता, तिथे आता पांढरा फेस उकळत होता. रिवाजाचा प्रश्न मिटला. आता पुढेच जायचं होतं.

शेवटच्या वळणाला पोचलो तर पलीकडची वाळू समोर दिसत होती, आणि वाळूच्या अलीकडे खडकाला पडलेली एक भेग. चार-पाच हात रुंद. लाट आत शिरली की भेग काठोकाठ भरे, ओढली गेली की तळाचे गोटे खडखडत बाहेर जात. लाट गेल्यावर तेवढ्या वेळात पार व्हायचं. दर लाटेला तो वेळ कमी होत होता.

"मी आधी जातो," मी म्हणालो. चूक माझी होती.

"तुम्ही नको, तुम्ही वेळ बघत बसाल," वैद्य म्हणाले.

कापडेकराने तोवर मुंडासं सोडलंही होतं. एक टोक कमरेला बांधलं, दुसरं आमच्या हातात दिलं, नारळ सदऱ्यात खोचला. ओढ्याच्या डोहापलीकडे त्याला पोहणं ठाऊक नव्हतं, आणि तापाने त्याच्या मांड्या अजून काटकीसारख्या होत्या. त्याने तीन लाटा जाऊ दिल्या. चौथीमागे उडी टाकली. दोन पावलं पडली. तिसऱ्याला शेवाळावरून पाय गेला आणि परतलेली लाट त्याच्या डोक्यावरून गेली.

मुंडासं ताठ झालं. ते कापड माझ्या तळव्यांतून सरकत होतं आणि मला पाणी दिसत नव्हतं, कापड्याचं अंगण दिसत होतं. कसा न्हेताव तसा. वैद्य ओरडत होते, "ओढू नका, ढील द्या, ढील!" मी ढील दिली की सुटलं हे आजही मला सांगता येणार नाही. मग पलीकडच्या खडकावर एक हात आला. मग डोकं. मग नारळ.

त्याने टोक खडकाला गुंडाळलं आणि टाच रोवून बसला. वैद्य पार झाले. मी उतरलो तो एका हातात मुंडासं आणि दुसरा हात उंच, त्यात घड्याळ. 

"दोनी हातांनी धरा!" कापडेकर ओरडला. "घड्याळ सोडा, नायतर मी मुंडासं सोडतो!"

मी घड्याळ दातांत धरलं आणि छातीभर पाण्यातून ओढला गेलो. वैद्य नंतर गावभर सांगत, की मास्तरांचं तोंड चालताना बंद राहिलं ते तेवढंच.

वाळूवर ती कालवंवाली म्हातारी पाटीजवळ उभी राहून पाहत होती. मी खारं पाणी थुंकत तिला समजावू लागलो, की महाडला तर आत्ता कुठे पाणी पुरतं उतरलं असेल.

"आसंल की," ती म्हणाली. "आमचं पानी फिरून अडीच घंटं झालं की तुमच्याकडं खबर जाते. तुमचं ते शिळं पानी."

दोन दिवसांनी लेकाला कापड्याला पोचवायला मीही गेलो. त्याने अर्धा नारळ प्रसाद म्हणून आईच्या हातावर ठेवला आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. मी खुणा करत होतो तरी. म्हातारीने त्याचे सोललेले गुडघे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि खोबरं कपाळाला लावलं.

"मास्तर, आता दुसरा नवस बोलते. माजा लेक पुन्यांदा तुमच्यासंगं कुटं जाऊ नये," ती म्हणाली. "आन् तो फेडायला कवा निगायचं, ते मातुर तुमी सांगू नका."