दिव्यानंतरचं ऊन

अर्धी वाट सरली तरी धाकटीने नाकावरचा रुमाल काढला नव्हता. डाव्या हाताला पाट वाहत होता. पाणी दिसायला नितळ, तळाचा खडा न् खडा दिसावा असं. पण ते कुठून आलंय हे ठाऊक असल्यामुळे तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मागे मैलापाण्याचं केंद्र, पुढे बागेतलं कारंजं. अख्ख्या शहराने संडासातून जे सोडलं, ते केंद्रात गाळून, घुसळून, निवळून या पाटाने बागेत खेळायला निघालं होतं.

"काढ गं तो रुमाल," थोरली म्हणाली. "इथे वास नाही. येतोय तो माझा."

धाकटी ओशाळली, पण रुमाल काही खाली आला नाही.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. केंद्राच्या प्रयोगशाळेत जंतू मोजायची. घाण पाण्याचे थेंब काचेच्या बशीत पसरायचे, बशी उबदार कपाटात ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्यावर उगवलेले पिवळे-गुलाबी ठिपके मोजायचे. त्या कपाटाचं दार उघडलं की कुजक्या अंड्यांवर कुणी शिळं दूध ओतावं तसा भपकारा येई, आणि तो तिच्या केसांत बसून घरी येई. घरात तिचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, कपबशीही वेगळी. नियम सासूबाईंनी घालून दिले होते. सासूबाई गेल्या, पण धाकटीने ते चालूच ठेवले. थोरलीने कधी चकार शब्द काढला नाही. उलट जेवताना मुद्दाम म्हणायची, "आज काय सुरेख गाळ आला होता! दाट, अगदी या रश्शासारखा." धाकटीचा नवरा घास टाकून उठायचा, आणि ही हसत हसत पुन्हा वाढून घ्यायची.

गेला आठवडाभर मात्र ती हसली नव्हती. आज सकाळी म्हणाली, "दुपारी मला घ्यायला ये. चालत जाऊ." का, ते सांगितलं नाही.

"दिवे बसवले ते तुला माहीत आहेत ना?" थोरली आता म्हणाली. "पूर्वी पाण्यात क्लोरीन टाकायचो, तर कारंज्यातले शोभेचे मासे मरायचे. मग हे अतिनील किरणांचे दिवे आले. जंतूच्या पोटात एक धागा असतो बघ. सगळा संसार त्या धाग्यावर. दिव्याखालून पाणी गेलं की धाग्याला जागोजागी गाठी बसतात. मग त्याला पिल्लं होत नाहीत. मेल्यात जमा."

"मेला ना? मग सुटलो."

"मेल्यात जमा म्हटलं. मेला नाही म्हटलं."

थोरलीची एकदा चूक झाली तेव्हा तिला हे कळलं होतं. दिव्याखालून गेलेल्या पाण्याची बाटली तिने खिडकीत ठेवली आणि चहाला गेली. चहा कसला, गप्पाच रंगल्या. त्या बाटलीतून केलेली बशी दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी भरली. तिला वाटलं दिवा बिघडला. धावत साहेबाकडे गेली. साहेबाला सगळे अत्तरवाला म्हणत; केंद्राचा वास अंगाला लागू नये म्हणून तो दर घटकेला फवारा मारून घ्यायचा. त्याने बशी बघितली आणि हसला. "बाटली उन्हात ठेवलीत ना? काळ्या कागदात गुंडाळून आणायची असते, बाई. उजेड मिळाला की त्याच्या जोरावर जंतू गाठी सोडवतात आणि पुन्हा कामाला लागतात."

तेव्हापासून ती बाटलीला काळा कागद गुंडाळू लागली. बशा कोऱ्या करकरीत येऊ लागल्या.

"आणि एके दिवशी," थोरली म्हणाली, "अशीच या पाटाच्या कडेने चालले होते. डोक्यावर ऊन. आणि मी मधेच थांबले. बाटलीला मी कागद गुंडाळते गं, पण या पाटाला कोण गुंडाळतंय?"

धाकटीने पहिल्यांदा पाण्याकडे नीट पाहिलं. पाटभर ऊन पसरलं होतं. रोज सकाळी खिडकीत उजेड आला की ती हात जोडून उभी राहायची. तोच हा उजेड, आणि तो या घाणीला बरं करत बसलाय?

"देवालाही काही..." ती पुटपुटली.

"देवाला कशाला मधे घेतेस? त्याने ऊन सगळ्यांनाच दिलंय. झाकण टाकायचं काम माणसांचं." थोरली थांबली. "आणि अंधारातही ते गप्प बसत नाहीत. धाग्याची दुसरी प्रत शाबूत असली तर तिच्यावरून फाटलेलं जुळवून घेतात, सावकाश. काही तर असे, की शेजारी मेलेल्याच्या धाग्याचे तुकडे ओढून स्वतःत बसवतात."

"शी! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी!"

"तेच. पण त्यांना कळत नाही आपण काय करतोय. अत्तरवाल्याला कळतं."

कारंज्याच्या हौदातलं पाणी थोरलीने गुपचूप तपासलं होतं. बशीवर बोट टेकायला जागा नव्हती. ती बशी आणि हौदाच्या पाण्याची उरलेली बाटली घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली. पाट झाका म्हणाली. ते नाही तर निदान हौदावर पाटी लावा, पाण्यात उतरू नका म्हणून. तो म्हणाला, "मला काय नवीन सांगता? पाटी लावली की लोक विचारणार, का. दिव्यापाशी पाणी चांगलं आहे ना? मग नमुना तिथलाच घ्यायचा." उरलेलं पाणी त्याने बेसिनमध्ये ओतलं, हात धुतले आणि अंगावर फवारा मारला.

"इतकी वर्षं गुवात काम केलं," थोरली म्हणाली, "कधी मळमळलं नाही. त्या अत्तराने भडभडून आलं. आणि रोज 'पाणी चांगलं' म्हणून खाली सही कोणाची? माझी. माझ्याच हाताची शिसारी येते मला."

बाग आली. कारंजं जोरात उडत होतं. पोरं तोंडं वर करून, जीभ बाहेर काढून तुषार झेलत होती. एक बाळ लंगोटासकट हौदात बसलं होतं, आणि त्याची आई त्याच पाण्याने त्याचं तोंड पुसत होती. बर्फाचा गोळा विकणारा आपला चमचा हौदात विसळून पुन्हा बर्फात घालत होता. मागच्या रविवारी धाकटीची स्वतःची लेक इथेच भिजली होती.

"पोरीला जुलाब झाले," थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा तू माझी कपबशी उकळत्या पाण्यात टाकलीस."

"ताई, मला वाटलं, तुमच्याकडून..."

"वाटणारच. कशाने झाले ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण पुढच्या रविवारीही पोरं इथे येणार, एवढं नक्की."

तिने पिशवीतून तपकिरी काचेची बाटली काढली. "ही औषधाच्या दुकानातली आहे, केंद्राची नाही. आरोग्य खात्यात शहरातलं कोणीही पाणी तपासायला देऊ शकतं. मी दिलं तर अत्तरवाला म्हणेल, बाईने डूख धरला. म्हणून तू भर. तुझ्या नावाने दे."

"मी? त्यात हात घालू?"

"कोपरापर्यंत. वरवरचं पाणी नको." थोरलीने बाटली तिच्या हातात दिली. "आणि काळा कागद केंद्राचा आहे, तो मी आणला नाही. भरून झाली की तुझा तो रुमाल नाकावरचा काढ आणि बाटलीला गच्च गुंडाळ. इथून पुढे जंतूंना ऊन लागायला नको. आहेत तेवढेच मोजले जाऊ देत, एकही जास्त नको. एवढं करशील?"