बाबांचे उघडे टॅब

आईला स्ट्रोक येऊन आठ महिने झाले होते. हात थोडा वळायला लागला होता, पण बोलणं अडकलेलंच होतं. तिला सगळं कळायचं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन थांबायचा. मी कोपरखैरण्याला राहायचे आणि रविवारी ऐरोलीला आईबाबांकडे जायचे. अशाच एका रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "अगं, तो कॉम्प्युटर बघ ना जरा. नेट फार स्लो झालंय. एक पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

कॉम्प्युटर बाबांच्या रिटायरमेंटच्या वेळचा. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या मशिन्सच्या तक्रारी सोडवते, म्हणून लगेच बसले. फोनवर तेच वायफाय झटपट चालत होतं, म्हणजे नेटचा दोष नव्हता. ब्राउझरमध्ये मात्र टॅबची इतकी दाटी, की एकाचंही नाव वाचता येईना. मेमरी पार भरलेली.

"बाबा, हा शेवटचा बंद कधी केला होतात?"

"बंद कशाला करायचा? मी फक्त स्क्रीन घालवतो."

"आणि इतके टॅब?"

"असू दे ते. लागतात मला," ते स्वयंपाकघरातून म्हणाले. आईला मऊ भात भरवत होते.

मी हो म्हटलं आणि सगळे टॅब बंद केले. मग ब्राउझरमध्ये साठलेलं साफ करायला घेतलं. काय काय पुसायचं त्याच्या चौकटी समोर आल्या. हिस्टरीच्या, म्हणजे आधी पाहिलेल्या पानांच्या यादीच्या, चौकटीत खूण होती. मी ती न वाचताच बटण दाबलं. ऑफिसात असं मी कधी करत नाही, तिथे आधी विचारते. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. पान चटकन उघडलं. बाबा एकदम खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला. "अगं, माझे व्हिडिओ कुठे गेले?"

"कुठले व्हिडिओ?"

"आईचे."

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक मॅडम आठवड्यातून एकदा घरी यायच्या, तेवढंच मला ठाऊक होतं. उरलेले दिवस बाबा व्हिडिओ लावून ते आईकडून करून घेत, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. प्रत्येक व्हिडिओ वेगळ्या टॅबमध्ये नेमक्या जागी थांबवून ठेवलेला. कुठे ओठ मिटायचे, कुठे गाल फुगवायचे.

हाफ डे टाकून मी गेले. आई कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर छोटा आरसा. बाबांनी तिचे केस विंचरून दिलेले दिसत होते. मी आल्यावर तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

हिस्टरी रिकामी होती. बाबांना नावं आठवत नव्हती. "एक बाई आहे, मागे निळा पडदा," ते सांगत होते. "तिचं बघून ही गुरुवारी 'बस' म्हणाली. स्पष्ट म्हणाली गं. तुला रविवारी तिच्या तोंडूनच ऐकवणार होतो, पण तेव्हा नाही आलं तिला."

मी शोधत राहिले. निळे पडदे पुष्कळ निघाले. प्रत्येक वेळी बाबा वाकून बघायचे आणि मान हलवायचे. तासाभराने आईने आरसा पालथा घातला.

"रीस्टार्टमध्येच गेलं असणार," बाबा म्हणाले. "जुना झालाय ना. विसरतो."

"हो," मी म्हणाले. "होतं असं कधीकधी."

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बरेचसे व्हिडिओ सापडले. ते जपून कसे ठेवायचे हे मी बाबांना दोनदा करून दाखवलं. निळ्या पडद्याची बाई मात्र सापडलीच नाही. आई आता सहा-सात शब्द बोलते. त्यांत 'बस' नाही. मॅडम म्हणतात, या आजारात शब्द येतात आणि जातात, एखाद्या व्हिडिओवर काही अवलंबून नसतं. त्या म्हणतात म्हणून मी ते धरून ठेवते.

बाबा अजून अधूनमधून त्या मशीनवर चिडतात. मी शेजारीच बसलेली असते, आणि गप्प राहते.