आईला बोटीने मावशीकडे न्यायचा बेत

त्या वयात मला नकाशा वाचता येतो असा माझा समज होता. चाळिशी नुकतीच उलटलेली, भोरातल्या एका शाळेत बालवाडीची बाई, पदर कायम कमरेला खोचलेला आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय तयार. आज सत्तरीतून तिच्याकडे वळून बघते तेव्हा तिच्या हातावर चार फुटाणे ठेवून तिला कोपऱ्यात बसवावं असं वाटतं.

झालं होतं असं. माझी आई भाटघर धरणाच्या पाण्याच्या पार वरच्या टोकाला राहायची. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि ती कमरेवर आपटली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसता कामा नये. म्हणजे एसटी बंद, जीप बंद, बैलगाडी तर विचारूच नका. तिची थोरली बहीण, माझी मावशी, धरणाच्या खाली, भोंगवलीच्या बाजूला नदीकाठी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. आईच्या घरी जायचं तर गाडी वर डोंगराच्या कडेला सोडते आणि पुढं निसरड्या पायवाटेनं खाली उतरावं लागतं. ते मावशीला जमत नव्हतं. एकीला बसता येत नाही, दुसरीला चालता येत नाही, अशी दोन वर्षं गेली. त्यात मावशीचे डोळे मोतीबिंदूने झाकोळत चाललेले. ऑपरेशन म्हटलं की ती गोधडीत तोंड घालायची. दुधाच्या टेम्पोवाल्याकडून दर महिन्याला तिचा एकच निरोप यायचा, "डोळं हायेत तवर धाकलीचं तोंड बघू द्या."

आमच्या शाळेच्या भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा रंगवलेला होता. रंगवणाऱ्याकडे निळा रंग उरला असावा, कारण त्यानं पाणी अगदी सढळ हातानं दिलं होतं. वर भाटघरचा फुगवटा, त्यातून निघालेली निळी नदी, ती नीरेला मिळते, आणि खाली पुन्हा वीर धरणाचा फुगवटा. पोरं झोपलेली असताना मी त्या निळ्यावर बोट ठेवलं. आईच्या गावापासून निघालेलं बोट कुठंही न उचलता थेट मावशीच्या दारात पोचलं. वा, म्हटलं. रस्त्याला खड्डे असतात, पाण्याला कुठं असतात? आईला मोटरबोटीत गादीवर निजवायची आणि अलगद खाली न्यायची.

ज्या नदीवर मी वर्षानुवर्षं गोधड्या धुतल्या, जिथं हिवाळ्यात पाणी माझ्या घोट्याला लागायचं, तिच्यातून मोटरबोट कशी जाईल हे त्या बाईच्या डोक्यात आलं नाही. आणि धरणाला भिंत असते हेही नाही. त्या भिंतीवरून मी पाहुण्यांना दारं सुटलेली दाखवायला किती वेळा नेलं असेल. पण आम्हाला धरणाची भिंत म्हणजे जायची जागा वाटायची, अडायची नव्हे.

भोरात डिझेल इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांची दोन्ही मुलं माझ्याच बालवाडीत रडून मोठी झालेली. भाटघरच्या पाण्यावर त्यांची पत्र्याची लाँच होती, तिला पंपाचं इंजिन बसवलेलं. बाजाराच्या दिवशी या काठची माणसं त्या काठाला सोडायचे. मी त्यांच्या दुकानात गेले.

"मिस्त्री, आईला मावशीकडे न्यायचंय. पाण्यानं. पार खालपर्यंत."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "नेऊ की वहिनी. पानी हाय तितवर नेतो."

"पुढं नदी आहे. तिच्यापुढं वीरचं पाणी."

"असू द्या. पानी ते पानीच." मग त्यांनी विचारलं, "साहेब हायेत ना संगं?"

साहेब म्हणजे माझे यजमान. ते वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचे आणि शनिवारी विंझर, नसरापूर करत एसटीनं घरी यायचे. मी म्हटलं, आहेत की. मिस्त्रींचा चेहरा एकदम निर्धास्त झाला. का झाला हे मी विचारलं नाही.

शनिवारी मी यजमानांना बेत सांगितला. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दोन बोटी लागतील."

"दोन कशाला? आपण काय वरात नेतोय?"

"बरं," ते म्हणाले आणि पान उलटलं. त्यांच्या 'बरं'पुढे प्रश्न विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. ती पद्धतही मीच पाडलेली.

पुढचे पंधरा दिवस बेत शिजत होता आणि जितका शिजत होता तितका करपत होता. आईला गादीवर न्यायचं की बाजेवर? बाजेचे पाय लाँचेत मावेनात. मिस्त्री म्हणाले कापू. आईचा निरोप आला, बाज माझ्या सासूची हाय, कापायची तर आधी मला कापा. किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येईना. नकाशावर मी वीत लावून पाहिली. एक वीत भरली, तेव्हा दुपारचं जेवण मावशीकडे, असं मी जाहीर केलं. यजमान म्हणाले, वीत कुणाची? मी माझी दाखवली. ते म्हणाले, मग रात्रीचं धर. कुणी बुडालं तर काय म्हणून ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा आणल्या. त्या फुगवल्यावर लाँचेत माणसांना जागा राहिना म्हणून परत हवा काढली, आणि लागल्या तर फुगवू असं ठरलं. मावशीला दिवस कळवून निरोप धाडला, डाव्या काठाला उभी राहा. उलट निरोप आला, "डावा कुनाचा, माझा का नदीचा?" याचं उत्तर द्यायला मी टेम्पोवाल्याला उभं केलं आणि मग माझ्याच लक्षात आलं की मला ते माहीत नाही. मी म्हटलं, सांग, निघाल्याचं कळवतो.

वाटेत कुठंतरी दोघींनी गाठ घ्यावी असं एवढ्या सगळ्या घोळात कुणाच्या मनात आलं नाही. भेटायचं म्हणजे घरी जायचं, चुलीपुढं बसायचं, चहा उतू गेलेला बघायचं. वाटेवर गाठ घेतात ते बांधावरून भांडणारे.

संक्रांत आठवड्यावर होती. पाणी आईच्या घराखालच्या खाचरापर्यंत भिडलेलं, त्यामुळे लाँच जवळजवळ दारात लागली. भावानं आणि भावजयीनं आईला गादीसकट उचलून आत ठेवलं. ती आडवी पडून आभाळ बघत होती. मी उशाशी बसले. मिस्त्रींनी इंजिनाला दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

काय सुरेख गेलो म्हणून सांगू. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आईनं एकदाच विचारलं, "पोरी, आपन चाललोय का उभंच हाय?" मी म्हटलं, चाललोय. ती म्हणाली, "कमरंला कळंना." मला इतका अभिमान वाटला की मी उगाच पदर पुन्हा खोचला.

दुपारी धरणाची भिंत दिसायला लागली. लांबून ती रेघ होती. मग जाड होत गेली. मिस्त्रींनी कडेला, माणसं उतरतात तिथं, लाँच लावली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. काठावर आमचे हे उभे होते. त्यांना मी तिथं गाठायला सांगितलं होतं, पुढं आमच्यासोबत बसण्यासाठी.

मिस्त्री रुमालानं हात पुसत म्हणाले, "चला वहिनी. आता साहेबांना सांगा."

"काय सांगू?"

"दार उघडायला."

"कसलं दार?"

"धरनाचं. थोडंच उघडा म्हनावं, लाँच अरुंद हाय."

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. "मी तहसिलात दाखले लिहितो," ते म्हणाले. "धरण माझ्याकडे कुठं आलं? आणि तुमची खालची बोट कुठाय?"

"कुठली खालची?"

"मी म्हटलं होतं ना, दोन लागतील. एक भिंतीच्या वर, एक खाली."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी तर म्हनला साहेब हायेत."

"आहेत की. हे काय समोर."

एवढ्या लांबरुंद दगडी भिंतीपुढं तीन शहाणी माणसं, आणि प्रत्येकाची पक्की खात्री की तिचं काय ते दुसऱ्यानं बघितलंय. माझ्या बाजूनं सांगायचं तर मी तेवढंही केलं नव्हतं. माझ्या हिशेबात तिथं नुसतं निळं होतं. मी आईला विचारलं, "आई, तुला तरी भिंत आठवायला नको का?"

आई आभाळाकडे बघतच म्हणाली, "मला वाटलं उचलून नेत्याल. गादीवरनं उचललीच हाय, भिंतीवरनं उचलत्याल."

आता आईला माघारी न्यायचं, आणि मावशी तिकडं कुठल्या तरी काठावर, डोळ्यांवर हात धरून उभी असणार. मी वाट बघणाऱ्या मावशीला काय निरोप पाठवायचा ते जुळवत होते, एवढ्यात वरच्या झाडाखालून कुणीतरी ओरडलं, "आलीया का गं बोट?"

मावशी. मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली.

मी चढ चढून गेले, मागोमाग मिस्त्री आणि हे. "मावशी, तू इथं कशी?"

"दुधाच्या टेम्पोनं. पहाटंच आले." तिनं आवाज खाली आणला. "तू बोट भिंतीवरनं कशी नेती ते बघायला. म्हनलं लोकं जमत्याल, मागनं जागा मिळायची न्हाई. तर हितं कुनीच न्हाई गं."

"बोट भिंतीवरनं जात नाही, मावशी."

"जात न्हाई?" ती नाराज झाली. एवढ्या लांबून येऊन तमाशा रद्द झाल्यासारखी. "मग कुठं जाती?"

"परत. आईच्या घरी."

"मग मी हितं कशाला बसू? चल की तिकडंच."

यजमानांनी तिचं गाठोडं उचललं. पंधरा दिवस मी आईला खाली न्यायचं घोकत होते. मावशीला टेम्पोनं भिंतीपर्यंत आणि पुढं पाण्यानं वर न्यावं, हे त्या बोट न उचलणाऱ्या बाईला सुचलं नव्हतं, कारण तिचं बोट वरून निघालं होतं.

मिस्त्री आणि यजमान यांनी मावशीला हात धरून उतरवली आणि गादीच्या कडेला बसवली. तिनं आईचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी.

"लई वाळलीस गं."

"तुला दिसतंय व्हय?"

"न्हाई. हाताला लागतंय." मग वाकून, अगदी नाकाला नाक लागेल एवढं जवळ जाऊन ती बघत राहिली. "हां. आता दिसतीस."

आई रडली. मावशी तिला म्हणाली, "हालू नगं, कंबर दुखंल." परतीच्या सगळ्या वाटेत दोघींचं बोलणं एका पितळी घागरीवर चाललं होतं. त्यांच्या आईची घागर कुणी नेली यावर. आईच्या मते मावशीनं, मावशीच्या मते धाकट्या भावजयीनं. इंजिनाच्या आवाजावर ओरडून भांडत होत्या. मिस्त्रींनी मला विचारलं, "वहिनी, बंद करू का इंजिन, त्यांना नीट भांडता येईना." दोन वर्षं ज्यांची भेट व्हावी म्हणून माझा जीव खालीवर झाला त्या या दोघी. मला काही कळेना.

मावशी चार दिवस राहते म्हणाली होती. संक्रांत झाली, मग रथसप्तमीपर्यंत थांबते म्हणाली. मग आईला काढा कुणी द्यायचा म्हणून शिवरात्रीपर्यंत. तोवर खालच्या शेतांना पाणी सुटत होतं आणि आमचं पाणी उतरत होतं. वरचं टोक आधी उघडं पडतं. एके दिवशी मिस्त्रींची लाँच आईच्या घरापासून इतकी खाली थांबली की मधे नुसता चिखल. वरच्या रस्त्याची चढण तर मावशीला पहिल्यापासूनच बंद. ती अडकली.

चैत्रात तिचा मुलगा मला घेऊन तिला आणायला गेला. वाटभर माझ्या दहा पावलं पुढं चालला. मी मात्र नवा बेत करून नेला होता. बाजेला बांबू बांधायचे, चार गडी, सकाळी गारव्यात चढण चढायची, वर जीप. दोघी चुलीपुढं बसून लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आनि गड्याचा पाय सरकला तर?" आई म्हणाली.

"सहा गडी घेऊ."

"आनि सहा जनं एका पायवाटंनं चालायची कशी?" मावशी म्हणाली.

"मग दोघं पुढं..."

"आनि ऊन वर आलं तर? तिच्या डोळ्याला ऊन सोसत न्हाई."

"छत्री धरू."

"छत्री धरनारा सातवा व्हईल की गं."

मी उत्तरं देत गेले. आठव्या माणसापाशी आल्यावर मला संशय आला, आणि मी दोघींकडे नीट बघितलं. आई चुलीत काटकी सारत होती. तिला बसताना कमरेमागं टेकायला आता पाट लागत नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. मावशीनं बशी चाचपत उचलली, चहा पिऊन खाली ठेवली आणि मुलाला म्हणाली, "पानी वर येऊ दे बाबा. मग बोटीनं येते. आनि तुझ्या त्या डोळ्याच्या डाक्टराला सांगून ठेव, पाऊस झाल्यावर येती म्हनून."

मुलगा उठला. चिखलाच्या वाळल्या भेगांवरून आम्ही दोघं खाली निघालो. थोडं खाली आल्यावर तो म्हणाला, "ताई, बैलगाडी खालनं कुठवर येती गं?"

आणि मी, चाळिशी उलटलेली, पदर खोचलेली, तिथंच उकिडवी बसले आणि काटकी घेऊन मातीत त्याला वाट काढून दाखवायला लागले.