नर्सबाईंची बदली

"चाळीसगावला गाडी बदलायला उतरलेय मी, गुरुजी," असं नर्सबाई म्हणायच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर बसून तळपाय चोळायच्या. बोदवडहून रेल्वेनं धुळ्याला जायचं, तर चाळीसगावला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. त्या मूळच्या बोदवडच्या. मोठ्या नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं होतं ते धुळ्याला. आणि रावेर बाजूचं आमचं केळीचं गाव हे त्यांच्या हिशेबी मधलं चाळीसगाव होतं. गावाला याचा कधी राग आला नाही, कारण गावानं ते कधी मनावरच घेतलं नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी नर्सबाई होऊन गेली असेल. पांढरी साडी, खांद्याला लशीचा डबा, अंग चालताना जरा पुढे झुकलेलं. आमच्या नर्सबाई सकाळी भेटल्या तरी दमलेल्या दिसत. मी एकदा विचारलं, "झोप झाली नाही का?"

"झाली की. हा थकवा कालचा नाही गुरुजी, जुना आहे."

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. शाळा सुटल्यावर त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. दहावी झाल्यावर त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक बारावी करून साडेतीन वर्षांच्या जनरल नर्सिंगचा. दुसरा एएनएमचा, म्हणजे खेड्यातल्या नर्सचा, दीड वर्षाचा. वडील नव्हते, पाठीवर दोन बहिणी. कुणीतरी सांगितलं, आधी छोटा कोर्स कर, नोकरी लागेल. नोकरीतल्या बायांसाठी मोठ्या कोर्सला काही जागा असतात, तिथून वर जा. त्यांना ते पटलं. "तेव्हा ते शहाणपणाचंच होतं," त्या म्हणत, "पण नोकरी लागली की लोक तुम्हाला कामाचं समजायला लागतात. मग सोडत नाहीत."

माझं इंग्रजी प्राथमिक शिक्षकाचं. औषधांच्या खोक्यावरची नावं मी वाचायचो आणि त्या माझे उच्चार सुधारायच्या. कोण कुणाला शिकवतंय, हा प्रश्नच होता. शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून जपलं होतं. वाचता वाचता त्यांचा डोळा लागे. मी उठवत नसे. पाच मिनिटांनी त्या आपणच जाग्या होऊन विचारत, "कुठं होतो आपण?"

गावातल्या बायांशी मात्र त्यांची भाषा वेगळी. पोट लपवून शेतात राबणारी एखादी सापडली की दारातच सुरू होत. "सातवा लागला तुले, अन् आता सांगतीस? सासू कुठी गेली तुही? बोलाव तिले!" सासवा त्यांना टरकून असत. त्या आल्यापासून गावात बाळंतपणात एकही बाई दगावली नव्हती. केळीचे घड ट्रकमध्ये भरणारी दांडगी माणसंही त्यांच्यापुढे टोपी सावरून उभी राहत.

दर वर्षी त्या धुळ्यासाठी अर्ज करत. दर वर्षी नाव मागे राही. मग एका वर्षी म्हणाल्या, "या खेपेला झालं तर झालं. पुढच्या वर्षी वय बसत नाही." मी मान डोलावली.

त्या वर्षी झालं. त्यांनी माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही, पण रावेरच्या बाजारातून पत्र्याची ट्रंक आणली, आणि ट्रंक काही लपून राहत नाही, पोस्टमननं पाहिलेलं धुळ्याचं पाकीटही नाही. दुसऱ्याच दिवशी सरपंच आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. सोबत पाच-सहा जण आणि कोरे ताव.

"गुरुजी, नर्सबाईची बदली झाली, धुळ्याले. आता आमच्या सुना-लेकींनी कुठी जायाचं? निवेदन लिहा. असं लिहा का वाचनाराच्या डोयात पानी आलं पाह्यजे."

ती बदली नव्हती. ते शिक्षण होतं, आणि हे गावात एकट्या मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर आबा ताव घेऊन उठले असते. माणूस वाईट नव्हता. पण आत माझी बायको सातव्या महिन्याची होती. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि शाईचं पेन जवळ ओढलं. "बदली" असंच लिहिलं. चांगलं लिहिलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.

दोन ट्रॅक्टर भरून माणसं जळगावला, जिल्हा परिषदेत गेली. आठवडाभरात काम झालं. हार आणि पेढे घेऊन गाव उपकेंद्रावर लोटलं. नर्सबाई ट्रंकेत कपडे ठेवत होत्या.

"नर्सबाई, बदली रद्द करून आनली! आता कुठीच जायाचं नाही," आबा म्हणाले.

त्यांनी हातातली घडी घातलेली साडी ट्रंकेच्या कडेवर ठेवली. मग एवढंच विचारलं, "धुळ्याला माझ्या जागी कुणाला पाठवलं?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांच्या बायकोनं त्यांच्या तोंडात पेढा घातला. त्यांनी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, तेही केलं.

दोन महिन्यांनी मला मुलगी झाली. बाळंतपण अवघड होतं, बाळ उलटं होतं, पण दोघी सुखरूप राहिल्या. बाळ माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "निवेदन वाचलं मी. ऑफिसात दाखवलं मला. एकही चूक नव्हती."

"सिस्टर..." मी म्हणालो.

"डोकं धरा तिचं नीट."

त्यानंतर त्या इंग्रजीला आल्या नाहीत. ते जाड पुस्तक त्यांनी गावातल्या एका हुशार मुलीला दिलं. तिलाही एएनएमच करायचं होतं. तिला म्हणाल्या, "बारावी कर. उपाशी राहा, पण थेट जा." ती गेलीही. मी माफी मागितली नाही. रोज वाटायचं, आज मागू. आणि मुलीला मांडीवर घेतलं की वाटायचं, कशाची मागू? या दोन्हींत माझी बारा वर्षं गेली, आणि त्यांचीही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आई आजारी म्हणून त्यांनी स्वतःच बोदवडकडे बदली मागून घेतली. निरोपाला गावानं शाळेपुढे मंडप घातला. आबा आता थकले होते, तरी माइक हातात आल्यावर त्यांचा आवाज चढला.

"या मागेच चालल्या होत्या धुळ्याले. पन गावानं जाऊ दिलं नाही! दोन ट्रॅक्टर भरून गेलो आम्ही. माया काय असती, ते या गावाले विचारा!"

मंडपात टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पुढच्या रांगेत माझी मुलगीही जोरजोरात वाजवत होती. मी मान वर केली आणि स्टेजकडे पाहिलं. नर्सबाईंनी मांडीवरचं साडी-नारळ शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवलं, आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या.